कलरीमीटरचा दिवा फीडबॅकने स्थिर कसा ठेवावा

कोळंबीच्या तलावातला अमोनिया तपासा नाहीतर बोअरच्या पाण्यातलं लोह, कलरीमीटर शेवटी एकच गोष्ट मोजतो: नमुन्यातून किती प्रकाश पार झाला. ब्लँक (तुलनेसाठी रंग न आलेल्या पाण्याचं रीडिंग) घेतल्यावर आणि नमुना ठेवण्याआधी दिवा मंदावला, तर दोष पाण्याच्या माथी बसतो. प्रकाश १ टक्का घटला की शोषकता, म्हणजे नमुन्याने प्रकाश किती अडवला त्याचं माप, सुमारे ०.००४ ने जास्त दिसते, आणि फिकट नमुन्यात एवढा फरक पुरेसा नडतो. जुन्या टंगस्टन दिव्याचं तर विचारूच नका. व्होल्टेज २ टक्के उतरलं की प्रकाश जवळजवळ ७ टक्के उतरतो, आणि कोकणात पावसाळ्यात व्होल्टेज कसं नाचतं हे वेगळं सांगायला नको.

एलईडी लावून करंट स्थिर ठेवला की झालं, असं बरेच जण धरून चालतात. पण एलईडी तापला की तेवढ्याच करंटला कमी उजेड देतो. लाल आणि नारिंगी तर फारच. मे महिन्यात तलावाकाठच्या पत्र्याच्या शेडमध्ये सकाळचं आणि दुपारचं रीडिंग जुळत नाही ते यामुळेही. म्हणून करंटऐवजी थेट प्रकाशावरच नजर ठेवायची आणि तो बदलला की सर्किटने करंट आपोआप जुळवून घ्यायचा; हाच फीडबॅक, आणि हे चक्र म्हणजे लूप.

सामान साधं आहे: ५ व्होल्टचा सप्लाय, एलएम३५८ (दोन व्होल्टेजची तुलना करणारा ऑप-अँप), टीएल४३१ (स्थिर व्होल्टेज देणारी चिप), बीपीडब्ल्यू३४ फोटोडायोड (प्रकाश पडला की करंट देणारा), बीसी५४७ ट्रान्झिस्टर, १० किलोओहमचा प्रिसेट (फिरवून जुळवायचा रेझिस्टर) आणि थोडे रेझिस्टर-कपॅसिटर.

१. आधी संदर्भ व्होल्टेज. टीएल४३१ चा कॅथोड आणि रेफरन्स पिन एकत्र जोडून १ किलोओहममधून ५ व्होल्टला द्या, अ‍ॅनोड ग्राउंडला. तिथे २.५ व्होल्ट मिळतात. त्यावर प्रिसेट लावून मधल्या पायावर १ व्होल्ट घ्या आणि तो एलएम३५८ च्या ३ नंबरच्या पिनला द्या.

२. फोटोडायोड उलटा जोडायचा: कॅथोड ५ व्होल्टला, अ‍ॅनोडपासून ग्राउंडपर्यंत १०० किलोओहम. १० मायक्रोअँपिअर करंट आला की अ‍ॅनोडवर १ व्होल्ट दिसेल. या बिंदूला ‘अ’ म्हणू. तो १० किलोओहममधून २ नंबरच्या पिनला न्या, आणि १ व २ नंबरच्या पिनांमध्ये ०.१ मायक्रोफॅरॅड लावा. हा कपॅसिटर गाळू नका, नाहीतर सर्किट स्वतःच थरथरायला लागण्याची शक्यता असते.

३. १ नंबरच्या पिनमधून १ किलोओहम बीसी५४७ च्या बेसला. एलईडी ५ व्होल्ट आणि कलेक्टरच्या मध्ये, एमिटरपासून ग्राउंडला १०० ओहम. फोटोडायोडला काही दिसेनासं झालं तर ऑप-अँप एलईडीला पूर्ण ताकदीने पेटवू पाहतो. तेव्हा हे १०० ओहमच एलईडीला वाचवतात.

आता खरी मेख: फोटोडायोड बसवायचा कुठे? नमुन्याच्या आधी. एलईडीसमोर ४५ अंशांत काचेची स्लाइड तिरपी धरा. थोडा प्रकाश बाजूला वळून या डायोडवर पडेल, बाकीचा सरळ क्युव्हेटमध्ये (नमुन्याच्या पारदर्शक भांड्यात) जाईल. डायोड क्युव्हेटच्या पलीकडे ठेवलात तर रंगीत पाणी जेवढा प्रकाश शोषेल तेवढा सर्किट इमानेइतबारे भरून काढेल, आणि सगळ्या नमुन्यांचं रीडिंग सारखंच येईल! पलीकडे मोजणीचा दुसरा, वेगळा डायोड लागतो. डबा आतून काळा हवा, कारण बाहेरचा उजेड आत शिरला तर सर्किट तोही एलईडीचाच समजतं.

तपासणीला हेअर ड्रायर पुरतो. एलईडीवर गरम हवा सोडा आणि मल्टिमीटरने दोन ठिकाणी बघा. ‘अ’ बिंदू १ व्होल्टवर राहिला आणि १०० ओहमवरचं व्होल्टेज हळूहळू चढत गेलं, तर लूप चालू आहे. दोन्ही हललं तर एलईडी आणि डायोड एकमेकांना नीट दिसत आहेत का ते बघा. एलईडी पेटतच नसेल तर बहुधा फोटोडायोड सुलटा लागलाय.

इथल्या हवेत आणखी एक काळजी घ्यावी लागते. ‘अ’ बिंदूवरचा करंट फार छोटा असतो. बोर्डावर राहिलेला फ्लक्स (सोल्डरिंगला वापरलेला चिकट पदार्थ) आणि खारा दमटपणा मिळून गळतीला वाट करून देतात. सोल्डरिंगनंतर बोर्ड आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुऊन, वाळवून त्यावर पारदर्शक लॅकरचा हात द्या आणि डब्यात सिलिका जेलची पुडी ठेवा. स्लाइडच्या पुढच्या भागात, म्हणजे क्युव्हेटवर किंवा मोजणीच्या डायोडवर, खारट थर साचला तर तो लूपला दिसतच नाही. तो पुसायचा आणि ब्लँक पुन्हा घ्यायचा.