मेंबर शोमध्ये चित्र द्यायचंय? मग या चुका टाळा

आपण गॅलरीचे मेंबर आहोत म्हणजे मेंबर शोमध्ये आपलं चित्र लागणारच, असं धरून बसलेले खूप जण असतात. शो ज्युरीड असेल, म्हणजे परीक्षक निवडून कामं लावत असेल, तर मेंबरशिपमुळे फक्त एन्ट्री द्यायला मिळते, पुढचं सगळं परीक्षकाच्या हातात. तो बऱ्याचदा बाहेरचा असतो, नावं झाकून कामं बघतो, तुम्ही मागच्या कार्यक्रमाला खुर्च्या उचललेल्या त्याला काय माहीत. आणि मेंबरशिप रिन्यू केलीय का ते आधी बघा, शेवटच्या रात्री अकराला फॉर्म भरायला बसल्यावर हे कळलं की हातपाय गळतात.

आता फोटो. यावर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण पहिली निवड बहुतेक ठिकाणी फोटोवरूनच होते, म्हणजे तुम्ही दोन महिने घासून केलेलं काम परीक्षकासमोर स्क्रीनवर काही सेकंद येतं आणि त्यात जर ट्यूबलाइटचा पांढरा पट्टा चमकत असेल, एक बाजू निमुळती झाली असेल, कडेला सोफ्याचा कोपरा दिसत असेल तर झालं कल्याण. फ्लॅश बंद ठेवा. काचेची फ्रेम लावायच्या आधीच फोटो काढून घ्या, नंतर काचेत तुमचाच चेहरा येतो. ढगाळ दिवशी बाहेर सावलीत मस्त फोटो येतात, घरात काढायचा असेल तर एकसारखे दोन दिवे दोन्ही बाजूंनी साधारण ४५ अंशात ठेवा आणि बाकीचे बंद करा. कॅमेरा चित्राच्या बरोब्बर मध्यावर आणि त्याला समांतर हवा. मोबाईल असेल तर अगदी जवळ जाऊ नका, थोडं मागे सरकून झूम करा, नाहीतर सरळ कडा फुगीर दिसतात. मग कडेपर्यंत क्रॉप करा आणि रंग मूळ चित्र शेजारी ठेवून जुळवा. फिल्टर मारून रंग भडक करायचा मोह होतो, पण प्रत्यक्ष काम फोटोसारखं नसेल तर आणून द्यायच्या दिवशी ते परत पाठवायचा हक्क बऱ्याच गॅलऱ्या नियमातच लिहून ठेवतात.

फाइल साइजचा घोळ तर विचारूच नका. लोक ३०० डीपीआय (छापताना एका इंचात किती ठिपके) करत बसतात, पण स्क्रीनवर मोजायचे ते पिक्सेल. १२०० पिक्सेलचा फोटो ३०० डीपीआयने छापला तर जेमतेम ४ इंच होतो, स्क्रीनवर त्या ३०० ने काही फरक पडत नाही. नियमात लांब बाजू किती पिक्सेल ते दिलेलं असतं, तेवढं करा, आणि व्हॉट्सॲपवरून फिरून आलेला फोटो प्लीज टाकू नका, तो आधीच दाबला गेलेला असतो.

मापात पण लोक हमखास फसतात. मर्यादा ३६ इंच आणि कॅनव्हास ३४ इंच, म्हणून खुश. मग २ इंचाची फ्रेम दोन्ही बाजूंनी लागली की झाले ३८! नियमातलं माप फ्रेमसकट आहे का ते नीट वाचा, आणि उंची आधी की रुंदी तेही.

क्लासमध्ये सरांनी निम्मं करून दिलेलं काम, किंवा नेटवरचा दुसऱ्याचा फोटो बघून जसाच्या तसा उतरवलेला, हे चालत नाही. हात कितीही छान असो.

तीन कामं चालतात म्हणून एक निसर्गचित्र, एक पोर्ट्रेट, एक अमूर्त असं सॅम्पलर पाठवू नका. हे माझं मत आहे, पण तिन्हीत हात एकच दिसला तर परीक्षकाला काहीतरी धरायला मिळतं.

निवड झाल्यावरसुद्धा कामं परत येतात बरं का, आणि कारण अगदी फालतू असतं. मागे सुतळी बांधलेली, किंवा ते छोटं दातेरी हुक. दोन्ही बाजूंना डी-रिंग (इंग्रजी D सारखी कडी), वरून साधारण एक तृतीयांश अंतरावर, मध्ये तार, आणि तार मधोमध वर ओढली तरी फ्रेमच्या वर डोकावता कामा नये. ओलं तैलचित्र तर नेऊच नका. पेस्टलवर काचेऐवजी साधी ॲक्रिलिक (प्लास्टिकची) शीट लावू नका, तिच्यातली स्थिर वीज रंगाची पावडर ओढून घेते. मागे नाव, शीर्षक, माध्यम चिकटवा. विकायचं नसेल तरी विम्यासाठी किंमत मागितली तर लिहा, आणि विकायचं असेल तर गॅलरीचं कमिशन धरून आकडा टाका, नंतर कुरकुर नको.

नाही लागलं तर परीक्षकाला मेसेज करून का म्हणून विचारू नका. १८६३ साली पॅरिसच्या सलोंने, म्हणजे तिथल्या मोठ्या अधिकृत प्रदर्शनाने, नाकारलेल्या चित्रांत एदुआर माने या प्रसिद्ध फ्रेंच चित्रकाराचंही चित्र होतं. तेव्हा नाउमेद होऊ नका, तेच काम दुसऱ्या परीक्षकासमोर परत ठेवता येतं.

हां, एक राहिलंच, पॅकिंग. बबल रॅप रंगाला थेट लावू नका, मध्ये ग्लासिन (गुळगुळीत, सहसा न चिकटणारा) कागद घाला. मी एकदा ॲक्रिलिक रंगातलं काम घाईत फुगे आतल्या बाजूला करून गुंडाळलं, गॅलरीत उघडलं तर अख्ख्या आभाळावर गोल गोल ठिपके.