न्यूट्रलमधील घरघर
टोमॅटो वाहण्यासाठी घेतलेली माझी जुनी डिझेल पिकअप न्यूट्रलमध्ये उभी असताना घरघर करी आणि क्लच दाबताच आवाज थांबे. क्लच दाबल्यावर आवाज सुरू झाला असता, तर संशय रिलीज बेअरिंगवर (क्लच दाबल्यावर भार घेणाऱ्या बेअरिंगवर) गेला असता. येथे मात्र तो इनपुट शाफ्टच्या (इंजिनाची फिरकी गिअरबॉक्समध्ये आणणाऱ्या दांड्याच्या) बेअरिंगवर स्थिरावला, कारण क्लच सोडलेला असताना तो शाफ्ट इंजिनाबरोबर फिरत राहतो. गिअरबॉक्समध्ये घट्ट ऑइल भरून आवाज दाबण्याचा मिस्त्रींचा सल्ला मी मानला नाही. ड्रेन प्लग (ऑइल काढण्याचे बूच) उघडल्यावर ऑइल जेमतेम निम्मे निघाले आणि प्लगच्या चुंबकाला पोलादाचे कपचे चिकटलेले होते (बारीक करडी भुकटी असती, तर मी घाबरलो नसतो). गिअरबॉक्स उतरवून बेअरिंग व गळके सील बदलले आणि पुस्तिकेतील दर्जाचे ऑइल फिलर प्लगच्या (ऑइल भरण्याच्या भोकाच्या) काठापर्यंत भरले. घरघर गेली, रिव्हर्समधला सूर राहिला, पण सरळ दात्यांच्या गिअरला तो असतोच.