ऑस्टिन ते एल पासो, एका दिवसात

टेक्सासमधला हा गाडीचा प्रवास साधारण ५७५ मैल, थांबे धरून दहा-अकरा तास. मी पहाटे पाचला निघतो. सूर्य पाठीशी राहतो आणि हरणं रस्त्यावर येण्याच्या संध्याकाळच्या वेळेआधी बराचसा प्रवास उरकतो.

२९० क्रमांकाच्या महामार्गावरून फ्रेडरिक्सबर्ग, पुढे आय-१० हा मोठा महामार्ग. तिथे वेगमर्यादा ८० मैल, पण ८०ने गाडी पेट्रोल पिते. माझा नियम एकच: टाकी अर्धी झाली की भरायची. ओझोना ते फोर्ट स्टॉकटन शंभरेक मैल आहेत. मधल्या पंपावर विसंबू नका. एकदा मी विसंबलो होतो. एसी बंद करून, घाम पुसत, काट्याकडे बघत काढलेला तो तास बायको अजून ऐकवते!

नकाशा आधीच फोनवर उतरवून ठेवा, रेंज जाते. माणशी चार लिटर पाणी घ्या. खायला दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी. उन्हात दहीभात टिकत नाही.

पोहायचे कपडे वरच ठेवा. वाटेजवळच्या बाल्मोरिया स्टेट पार्कात झऱ्याच्या पाण्याचा प्रचंड तलाव आहे, पाणी बारमाही ७२ ते ७६ फॅरनहाइट. मात्र प्रवेशाचं आरक्षण आधी बघा.

एल पासोत घड्याळ तासभर मागे जातं, म्हणजे जेवायला एक तास फुकट. परतताना सिएरा ब्लांकाजवळ सीमा गस्तीची चौकी लागते. व्हिसावर असाल तर पासपोर्ट आणि आय-९४ (अमेरिकेत प्रवेश केल्याची नोंद) डिकीत नको, हाताशी हवेत.