बुटांच्या दोन खोक्यांत इटालियन नाट्यगृह

गोखले रोडवरच्या एखाद्या दुकानातून बुटांची दोन रिकामी खोकी मागून आणा. एक रंगमंचाचं, दुसरं प्रेक्षागृहाचं. मी ठाण्यात नाटकांची नेपथ्यं उभी करतो. भाचीला इटालियन नाट्यगृह आकृत्या काढून समजावत होतो, तिला काही ते पटेना. हे मॉडेल केलं आणि लगेच उमगलं.

रंगमंचाच्या खोक्याच्या एका आखूड बाजूत कमान कापा. आत पुठ्ठ्याची फळी बसवा, मागची कड पुढच्यापेक्षा दीड सेंटीमीटर उंच. हा उतार टाळू नका, जुन्या इटालियन रंगमंचाचा तो प्राण आहे.

आता विंगा, म्हणजे रंगमंचाच्या दोन्ही कडांना उभे राहणारे रंगवलेले तुकडे, चार जोड्या. मागची प्रत्येक जोडी पुढचीपेक्षा बुटकी आणि मध्याकडे सरकलेली. त्यांवर रस्त्याकडेची घरं रंगवायची आहेत. मागच्या पडद्याच्या मधोमध एक टाचणी टोचा, तिला दोरा बांधा. दोरा प्रत्येक विंगेपर्यंत ताणून त्याच्याच रेषेत छप्पर आखा. इथे घाई केलीत तर पुढचं सगळं फसतं.

विंगा चिकटवू मात्र नका, फळीला खाचा पाडून त्यांत सरकत्या ठेवा. 1640च्या दशकात व्हेनिसमध्ये जाकोमो तोरेल्ली या नेपथ्यकाराने विंगांचे खांब रंगमंचाखालच्या चाकाच्या गाड्यांवर बसवले आणि सगळ्यांचे दोर एकाच रहाटाला जोडले. वजन सोडलं की सगळ्या विंगा एकदम सरकायच्या. पडदा न पाडता, प्रेक्षकांच्या डोळ्यांदेखत जंगलाचा राजवाडा! ब्लॅकआउटमध्ये, अंधारात, नेपथ्याच्या रंगवलेल्या चौकटी उचलून धावणाऱ्या मला त्या माणसाला नमस्कार करावासा वाटतो.

दुसऱ्या खोक्यात पुठ्ठ्याची पट्टी घोड्याच्या नालासारखी वाकवून उभी करा. तिच्यात बॉक्सचे, म्हणजे प्रेक्षकांच्या छोट्या खोल्यांचे, चार मजले कापा, वर गॅलरीचे दोन. वास्तुकार पिएरमारिनीने 1778 साली मिलानमध्ये बांधलेलं ला स्काला हे ऑपेरागृह असंच आहे. तिथले बॉक्स श्रीमंत घराण्यांनी विकत घेतलेले असायचे आणि आतली सजावट ज्याची त्याची. कमानीच्या बरोब्बर समोर शाही बॉक्स. तिथे टाचणीच्या उंचीवर एक भोक पाडा.

खोकी जोडा, झाकणं काढूनच ठेवा. भोकाला एक डोळा लावा. वीतभर पुठ्ठ्यात लांबच लांब रस्ता दिसेल.

मग कडेच्या बॉक्समधून बघा. रस्ता मोडतो, छपरं तुटतात, आणि स्वच्छ दिसतो तो पलीकडचा बॉक्स. गडकरी रंगायतनात आपल्या सगळ्या खुर्च्यांची तोंडं रंगमंचाकडे असतात, इथे निम्मी नजर एकमेकांवर. भाचीने त्या दोन बॉक्समध्ये कागदाच्या दोन बायका बसवल्या, एकमेकींकडे बघणाऱ्या.