उन्हापासून त्वचा कशी जपावी: सावली, कपडे आणि सनस्क्रीनचे नेमके प्रमाण

उन्हापासून त्वचा जपायची म्हटले की बहुतेकांना प्रथम सनस्क्रीनची ट्यूब आठवते. वास्तविक तिचा क्रम शेवटचा आहे. आधी बाहेर पडण्याची वेळ पाहावी, मग सावली शोधावी, मग अंगभर कपडे घालावेत आणि एवढे करूनही जी त्वचा उघडी राहील तिच्यासाठी सनस्क्रीन वापरावे. हा क्रम उलटा केला, म्हणजे क्रीम लावले आहे या भरवशावर तासन्‌तास उन्हात राहिले, तर क्रीम न लावता सावलीत बसलेल्या माणसापेक्षाही आपल्या त्वचेला अधिक इजा होऊ शकते.

ही इजा करणारे अतिनील किरण डोळ्यांना दिसत नाहीत आणि त्यांची ऊबही जाणवत नाही. त्यामुळे गार वारा सुटला असला किंवा आभाळ पातळ ढगांनी झाकलेले असले की माणूस हमखास फसतो. या किरणांपैकी यूव्हीबी हे कमी तरंगलांबीचे किरण मुख्यतः त्वचेच्या वरच्या थरात शोषले जातात आणि त्वचा भाजून लाल होते ती प्रामुख्याने त्यांच्यामुळे. यूव्हीए किरण अधिक खोलवर जातात, त्वचेचा ताठपणा टिकवणारे कोलॅजन हळूहळू मोडतात आणि सुरकुत्या व डाग आणतात. जमिनीवर पोहोचणाऱ्या अतिनील किरणांत सुमारे 95 टक्के वाटा यूव्हीएचा असतो आणि खिडकीची साधी काच यूव्हीबीला बरेचसे अडवत असली, तरी यूव्हीएला फारशी अडवत नाही. दोन्ही प्रकारच्या किरणांनी पेशींतील डीएनएला इजा होते आणि ती वर्षानुवर्षे साचत गेली की त्वचेच्या कर्करोगाचा धोका वाढतो. म्हणून त्वचा भाजली नाही म्हणजे नुकसान झाले नाही, असे समजू नये.

ऊन किती तीव्र आहे हे ओळखण्याचे सर्वांत सोपे साधन म्हणजे आपलीच सावली. ती आपल्या उंचीपेक्षा आखूड दिसू लागली की सूर्य डोक्यावर येत आहे असे समजावे आणि शक्य ती कामे आधी किंवा नंतर उरकावीत. हवामानाच्या अंदाजात अतिनील निर्देशांक दिलेला असतो. तो 3 किंवा त्याहून अधिक असेल तर संरक्षणाची गरज आहे, आणि 8 च्या पुढे असेल तर भर दुपारी उघड्यावर थांबणे टाळावे. उंचावर गेल्यावर दर हजार मीटरमागे हे किरण सुमारे 10 टक्क्यांनी वाढतात. ताजा बर्फ तर अंगावर पडलेल्या किरणांपैकी 80 टक्क्यांपर्यंत परत फेकतो. त्यामुळे बर्फाळ प्रदेशात हनुवटीखालची आणि नाकाच्या खालच्या बाजूची त्वचासुद्धा भाजते.

कपडे निवडताना ते उजेडासमोर धरून पाहावेत. विणीतून जितका उजेड आरपार दिसेल तितके किरणही आत शिरतील. घट्ट विणीच्या, गडद रंगाच्या कापडाचे सैलसर कपडे चांगले संरक्षण देतात. पातळ पांढरा सुती सदरा घामाने किंवा पाण्याने भिजला की त्याचे संरक्षण आणखी घटते. काही कपड्यांवर यूपीएफ हा आकडा छापलेला असतो. यूपीएफ 50 म्हणजे त्या कापडातून अतिनील किरणांचा पन्नासावा भागच आत येतो. टोपी चारही बाजूंनी रुंद काठाची असावी, कारण पुढे छज्जा असलेल्या टोपीने कपाळ झाकले तरी कान आणि मान उघडीच राहतात.

आता सनस्क्रीनविषयी. ब्रॉड स्पेक्ट्रम असे लिहिलेले आणि किमान एसपीएफ 30 असलेले सनस्क्रीन घ्यावे, कारण एसपीएफ हा आकडा मुख्यतः भाजण्यापासूनचे संरक्षण मोजतो. यूव्हीएसाठी ब्रॉड स्पेक्ट्रम हे शब्द किंवा पीए या अक्षरांपुढील अधिकची (+) चिन्हे पाहावी लागतात. एसपीएफ 30 त्वचेला भाजणारे सुमारे 97 टक्के किरण अडवते आणि एसपीएफ 50 सुमारे 98 टक्के. त्यामुळे मोठ्या आकड्याच्या मागे लागण्यापेक्षा पुरेसे क्रीम लावण्याकडे लक्ष द्यावे, असे माझे ठाम मत आहे. प्रयोगशाळेत हे आकडे त्वचेच्या प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर 2 मिलिग्रॅम क्रीम लावून काढलेले असतात, आणि प्रत्यक्षात बहुतेक जण त्याच्या पाव ते निम्मेच लावतात. थर निम्मा असेल तर ट्यूबवर छापलेले संरक्षण निम्म्यावर किंवा त्याहूनही खाली येते.

पुरेसे म्हणजे किती, हे मोजणे अवघड नाही. तर्जनी आणि मधले बोट शेजारी धरून दोन्हींवर मुळापासून टोकापर्यंत क्रीमची जाड रेघ ओढावी. चेहरा आणि मान मिळून साधारण एवढे लागते. मोठ्या माणसाच्या पूर्ण अंगासाठी सुमारे 35 मिलिलिटर लागते. चेहरा आणि मानेला दिवसातून एकदाच लावली तरी 50 ग्रॅमची ट्यूब दीड महिन्याच्या आसपास संपायला हवी. ती सहा महिने पुरत असेल तर थर पातळ पडतो आहे. क्रीम जोराने चोळून जिरवू नये, ठिपके देऊन अलगद पसरावे. कानाच्या पाळ्या, मानेची मागची बाजू, केसांचा भांग, पावलांचा वरचा भाग आणि हाताची पाठ या जागा हटकून विसरल्या जातात. ओठांसाठी एसपीएफ असलेला लिप बाम वापरावा. बाहेर पडण्याच्या 15 ते 20 मिनिटे आधी क्रीम लावावे आणि दर दोन तासांनी, तसेच पोहून किंवा घाम पुसून झाल्यावर, पुन्हा लावावे. पाण्यात टिकणारे क्रीमसुद्धा टॉवेलने पुसले की निघून जाते.

रोज क्रीम लावून खरेच काही फरक पडतो का, याचे उत्तर ऑस्ट्रेलियातील नॅम्बर या गावात 1992 पासून झालेल्या अभ्यासाने दिले आहे. तेथे काही रहिवाशांना रोज सनस्क्रीन लावायला सांगितले होते, तर बाकीच्यांना आपल्या मर्जीप्रमाणे. रोज लावणाऱ्यांमध्ये स्क्वॅमस सेल या त्वचेच्या कर्करोगाच्या एका प्रकाराचे प्रमाण कमी आढळले आणि त्यांची त्वचाही कमी जून झाली.

सावळ्या किंवा काळ्या त्वचेतील मेलॅनिन हे रंगद्रव्य काही प्रमाणात संरक्षण देते, पण ते पुरेसे नसते. अशा त्वचेवर वांग आणि काळे डाग अधिक ठळकपणे उमटतात आणि त्यांना दृश्य प्रकाशही कारणीभूत ठरतो. तो अडवण्यासाठी आयर्न ऑक्साइड असलेले, त्वचेच्या रंगाशी मिळतेजुळते सनस्क्रीन साध्या सनस्क्रीनपेक्षा उपयोगी पडते.

सहा महिन्यांखालील बाळाला शक्यतो सावलीत आणि कपड्यांतच ठेवावे. डॉक्सिसायक्लिनसारखी प्रतिजैविके आणि काही रक्तदाबाच्या गोळ्या त्वचेला उन्हाबाबत अधिक संवेदनशील करतात, तेव्हा नवे औषध सुरू करताना डॉक्टरांना तसे विचारून घ्यावे.

एवढे करूनही त्वचा भाजलीच, तर ताबडतोब सावलीत यावे, गार पाण्याच्या पट्ट्या ठेवाव्यात, भरपूर पाणी प्यावे आणि बर्फ थेट लावू नये. लाली काही तासांनी दिसू लागते आणि साधारण दिवसभरात सर्वाधिक होते. म्हणून उन्हात असताना त्वचा ठीक दिसते यावर विसंबू नये. फोड आले तर फोडू नयेत. ते मोठ्या भागावर पसरले असतील किंवा ताप, उलटी, चक्कर असा त्रास होत असेल तर डॉक्टरांकडे जावे. एखादा तीळ वेडावाकडा वाढू लागला, त्याचा रंग बदलला, त्यातून रक्त आले किंवा एखादी जखम कित्येक आठवडे भरत नसेल, तर मलमे लावून वाट न पाहता त्वचारोगतज्ज्ञाला दाखवावे.