हेअर ट्रान्सप्लांटची तयारी: मागच्या केसांच्या हिशेबापासून पहिल्या वर्षापर्यंत

तयारी डोक्याच्या मागच्या बाजूपासून सुरू करा. एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत मागून जाणारी केसांची पट्टी पूर्ण टक्कल पडलेल्या माणसाकडेही बहुधा शिल्लक असते. तिथले केस मुळासकट काढून पुढे किंवा टाळूवर लावायचे, एवढंच या शस्त्रक्रियेत घडतं. न्यूयॉर्कचे डॉ. नॉर्मन ओरेंट्राइश यांनी १९५९ मध्ये मांडलं की केस नव्या जागी गेला तरी मूळ जागेचा गुण सोडत नाही. मागचे केस पुढे लावल्यावर टिकतात ते म्हणून. पण जिथून ग्राफ्ट, म्हणजे मुळासकट काढलेला केसांचा छोटा पुंजका, काढला तिथे पुन्हा केस येत नाही. बहुतेकांच्या डोक्यावर सगळ्या आयुष्यासाठी मिळून साधारण पाच-सहा हजार ग्राफ्टची पुंजी असते, काहींकडे बरीच कमी. बाविसाव्या वर्षी पुढची रेषा खाली आणण्यात तीन हजार ग्राफ्ट खर्च केले आणि पस्तिशीत भोवरा उघडा पडला, तर तिथे लावायला फारसं काही उरत नाही. गळती कुठवर जाणार हे दिसू लागण्याआधी घाई करू नका. वडील आणि मामा, दोघांची डोकी नीट बघून ठेवा, डॉक्टर विचारतीलच.

त्यानंतर निदान. त्वचारोगतज्ज्ञाने डर्मोस्कोपने, म्हणजे कातडी मोठी करून दाखवणाऱ्या भिंगाने, टाळू आणि मागची पट्टी दोन्ही तपासायला हवी. मागचेही केस बारीक होत असतील तर प्रत्यारोपण टिकणार नाही. चाई किंवा लायकेन प्लॅनोपायलॅरिससारखा (केसांची मुळं कायमची नष्ट करणारा) आजार चालू असेल तर लावलेले केसही त्याच आजाराला बळी पडतात. स्त्रियांमध्ये विरळपणा बहुधा पसरलेला असतो, म्हणून हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) आणि थायरॉइड बघितल्याशिवाय पुढे जाऊ नये. पुरुषांनी आधी सहा महिने ते वर्षभर औषधं घेऊन बघावीत, कारण प्रत्यारोपण फक्त गेलेल्या जागी केस देतं, असलेले केस थांबवून धरत नाही. फिनास्टेराइड १ मिलिग्रॅम ही केसगळतीची गोळी सुरू करण्यापूर्वी लैंगिक दुष्परिणामांबद्दल मोकळेपणाने विचारा. चाळिशीनंतर प्रोस्टेटची पीएसए चाचणी करताना ही गोळी चालू असल्याचं सांगा, कारण तिच्यामुळे आकडा सुमारे निम्मा दिसतो. घरात गरोदर बाई असेल तर तुटलेल्या गोळीला तिने हात लावू नये.

डॉक्टर निवडताना भिंतीवरच्या आधी-नंतरच्या फोटोंपेक्षा काम कोण करणार हे जास्त महत्त्वाचं. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलची नोंदणी तपासा. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने सप्टेंबर २०२२ च्या सूचनांत स्पष्ट म्हटलं आहे की कार्यशाळेत किंवा यूट्यूबवर बघून केस प्रत्यारोपण सुरू करता येत नाही. सरळ विचारा: पुढची रेषा कोण आखणार, भूल कोण देणार, पंच (ग्राफ्ट काढायचं बारीक नळीसारखं हत्यार) कोण चालवणार, ग्राफ्ट बसवायच्या चिरा कोण पाडणार? चिरांची खोली, कोन आणि दिशा यांवरच केस नैसर्गिक दिसणं ठरतं. तंत्रज्ञ ग्राफ्ट बसवतात ही सर्रास पद्धत आहे, पण डॉक्टर त्या वेळी त्याच इमारतीत असायला हवेत. ऑक्सिजन, ॲड्रेनलिन आणि तातडीच्या उपचारांची सोय कुठे आहे तेही बघून घ्या. मार्च २०१९ मध्ये मुंबईत एका व्यावसायिकाचा प्रत्यारोपणानंतर मृत्यू झाला. एकाच बैठकीत नऊ हजारांहून जास्त ग्राफ्ट लावल्याच्या बातम्या तेव्हा आल्या होत्या. एका दिवसात अडीच-तीन हजारांच्या पुढे कोणी जायला निघालं तर कारण विचारा.

खर्चाच्या कागदावर आकडा ग्राफ्टचा आहे की केसांचा, हे बोट ठेवून विचारा. एका ग्राफ्टमध्ये एक ते चार केस असतात, सरासरी दोनच्या आसपास. ‘चार हजार केस’ म्हणजे सुमारे दोन हजार ग्राफ्ट, आणि फसगत नेमकी इथेच होते. सौंदर्यासाठी केलेल्या प्रत्यारोपणावर १८ टक्के जीएसटी लागतो, तो धरला आहे का ते बघा. आरोग्य विमा सहसा हा खर्च देत नाही. पद्धत दोनपैकी एक असेल. एफयूईमध्ये ०.७ ते १ मिमीच्या पंचने एकेक ग्राफ्ट काढतात आणि मागे ठिपके राहतात. एफयूटीमध्ये कातडीची पट्टी काढून टाके घालतात, आणि मागे एक बारीक आडवी रेष राहते. डोकं बारीक कापून ठेवायची सवय असेल तर एफयूई घ्या. ‘सफायर’, ‘डीएचआय’ ही नावं चिरा पाडण्याच्या पात्याची आणि ग्राफ्ट बसवण्याच्या पेनची आहेत. केस काढण्याची पद्धत तिथेही बहुधा एफयूईच असते.

आता कॅलेंडर काढा. घरात लग्न असेल तर उलटं मोजा. मे महिन्यात बोहल्यावर उभं राहायचं असेल, तर शस्त्रक्रिया आदल्या मे-जूनमध्ये व्हायला हवी. तीन महिने आधी केली तर मुंडावळ्या बांधताना डोकं आजच्यापेक्षा विरळ दिसेल. कामावरून दहा दिवसांची सुट्टी टाका. कपाळ सुजलेलं आणि खपल्या दिसणारं डोकं घेऊन ऑफिसला जायला बहुतेकांना नको वाटतं. शिवाय लोकलच्या दारात एक धक्का बसला तरी ग्राफ्ट निघू शकतो.

रक्ताच्या चाचण्या पंधरा दिवस आधी करून घ्या: हिमोग्राम, साखर, मधुमेह असेल तर एचबीएवनसी (तीन महिन्यांची सरासरी साखर), रक्त गोठण्याची चाचणी, एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि सी. चाळिशी ओलांडली असेल तर ईसीजीही. सगळ्या गोळ्यांची यादी कागदावर लिहा. ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन, व्हिटॅमिन ई, माशाच्या तेलाच्या आणि लसणाच्या कॅप्सूल रक्तस्राव वाढवतात. त्या सहसा सात ते दहा दिवस आधी थांबवतात. मात्र हृदयासाठी चालू असलेलं ॲस्पिरिन किंवा रक्त पातळ करणारी गोळी स्वतःहून बंद करू नका, ते हृदयाच्या डॉक्टरांनाच ठरवू द्या. प्रोप्रॅनोलॉलसारखी रक्तदाबाची गोळी चालू असेल तर आवर्जून सांगा, कारण भुलेतल्या ॲड्रेनलिनबरोबर तिने रक्तदाब एकदम चढू शकतो. मिनॉक्सिडिल हे टाळूला लावायचं केसांचं औषध बहुतेक डॉक्टर आठवडाभर आधी थांबवायला सांगतात. दारू आठवडाभर बंद. सिगारेट आणि तंबाखू दोन आठवडे आधी आणि दोन आठवडे नंतर पूर्ण बंद ठेवा. निकोटिनने रक्तवाहिन्या आकसतात, आणि लावलेला ग्राफ्ट पहिले काही दिवस भोवतालच्या रक्तावरच तगून असतो.

घरात आणून ठेवायचं सामान फार नाही: सलाइनची स्प्रे बाटली, बेबी शाम्पू, निर्जंतुक गॉज, पुढून बटणं असलेले दोन-तीन सदरे, मानेखाली घालायची प्रवासाची गोल उशी, दोन जाड उशा, अंथरायला जुने टॉवेल. टी-शर्ट डोक्यावरून काढताना ग्राफ्ट घासले जातात, म्हणून बटणांचा सदरा.

शस्त्रक्रियेच्या सकाळी शाम्पूने डोकं धुवा, तेल लावू नका. ही स्थानिक भूल असते, त्यामुळे वेगळं सांगितलं नसेल तर पोहे-उपमा असा हलका नाश्ता करूनच जा. रक्तदाबाची रोजची गोळी डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे घ्या. घरी न्यायला कोणीतरी बरोबर हवं. आधी फोटो, मग रेषा आखणं. आरसा मागून घ्या आणि वेळ घ्या. दोन भुवयांच्या मधून वर मोजलं तर मधला बिंदू साधारण ७ ते ८ सेंमीवर असावा, आणि कपाळाचे दोन्ही कोपरे थोडे मागे गेलेले असावेत. अठराव्या वर्षीची सरळ रेषा साठाव्या वर्षी खोटी दिसते, आणि ती भरायला ग्राफ्टही जास्त जातात. जन्मजात घनता एका चौरस सेंटिमीटरला साधारण ६५ ते ८५ ग्राफ्टची असते. प्रत्यारोपणात ३० ते ४५ लावले तरी डोकं भरलेलं दिसतं. त्याहून गर्दी केली तर रक्तपुरवठा कमी पडून कातडी मरू शकते.

सगळ्यात जास्त दुखतं ते भुलेचं इंजेक्शन, काही मिनिटं. मग पालथं झोपवून मागचे ग्राफ्ट काढतात, ते गार द्रावणात ठेवतात, नंतर चिरा पाडून बसवतात. अडीच हजार ग्राफ्टना सहा ते आठ तास लागतात. निघताना एक, दोन आणि तीन-चार केसांचे ग्राफ्ट किती लागले, याचा तक्ता लेखी घ्या.

पहिल्या रात्री मागून रक्तमिश्रित पाणी झिरपतं आणि उशी डागाळते. त्यात घाबरण्यासारखं काही नाही. कुठून ठिबकत राहिलं तर गॉज दाबून दहा मिनिटं धरा, मधे उचलून बघू नका. तीन-चार रात्री पाठीवर, डोकं ४५ अंश वर ठेवून झोपा. दुसऱ्या ते पाचव्या दिवशी भुलेचं पाणी कपाळावरून डोळ्यांपर्यंत उतरतं. डोळे मिटण्याइतकी सूज आली तरी ती आपोआप ओसरते. बर्फ कपाळावर भुवयांच्या वर लावा, ग्राफ्टवर कधीच नाही. जागेपणी दर एक-दोन तासांनी ग्राफ्टवर सलाइन फवारा. खाली वाकून बुटाच्या नाड्या बांधू नका. गाडीत बसताना दाराच्या चौकटीकडे लक्ष ठेवा, कारण पहिल्या तीन दिवसांत ग्राफ्ट निघण्याचं नेहमीचं कारण तेच.

पहिली आंघोळ ४८ ते ७२ तासांनी, तीही शक्यतो दवाखान्यात शिकून घेऊन. शॉवर नको. मगमध्ये कोमट पाणी घेऊन त्यात बेबी शाम्पूचा दाट फेस करा, तो तळहाताने ग्राफ्टवर ठेवा, पाच मिनिटं तसाच राहू द्या. बोटांची टोकं सरळ वरून टेकवायची आणि उचलायची, चोळायचं नाही. मग दुसऱ्या मगने अगदी जवळून, धार न पडू देता पाणी सोडा. मागचा भाग हलक्या हाताने धुवायला हरकत नाही. टॉवेल लावू नका, वाऱ्यावर वाळू द्या. हे रोज. प्रत्येक ग्राफ्टभोवती तांदळाच्या कणीएवढी खपली धरलेली असते. आठव्या-नवव्या दिवसापर्यंत ग्राफ्ट पक्का बसतो. त्यानंतर फेस दहा मिनिटं ठेवून बोटांच्या पेरांनी गोल, हलकं चोळायला लागा. खपलीबरोबर केस निघून हातात येतो आणि इथेच बहुतेकांच्या पोटात गोळा येतो. तो केस नीट बघा. टोकाला बारीक पांढरा ठिपका आहे आणि जागेवर रक्त नाही, तर फक्त केसाची काडी गळली, मूळ आत आहे. ग्राफ्ट खरोखर निघाला तर त्या जागेतून रक्त येतं. चौदा दिवसांनंतरही खपल्या चिकटलेल्या असतील तर दवाखान्यात दाखवा. नखाने खरवडू नका.

ताप, पू, तिसऱ्या दिवसानंतर वाढत जाणारी वेदना किंवा ग्राफ्टच्या जागी काळपट पडत जाणारा डाग, यातलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. मधुमेही आणि धूम्रपान करणाऱ्यांमध्ये असा काळा डाग पडण्याचा धोका जास्त.

हेल्मेट किमान दोन आठवडे नको. म्हणजे तेवढे दिवस दुचाकीच नको, बिनहेल्मेट तर अजिबात नाही. चालणं तिसऱ्या दिवसापासून, जिम दोन-तीन आठवड्यांनी. एफयूटीचे टाके दहा ते चौदा दिवसांनी निघतात, आणि वजनं उचलायला चार ते सहा आठवडे थांबावं लागतं. पोहण्याचा तलाव, डोक्याला तेल, केसांचा रंग, होळीचा रंग आणि दिवाळीचं अभ्यंग, सगळं महिनाभर बाजूला ठेवा. उन्हात जाताना पहिले दहा दिवस छत्री, नंतर सैल टोपी.

दुसऱ्या ते आठव्या आठवड्यात लावलेले बहुतेक केस गळतात. कधी आजूबाजूचे जुनेही थोडे गळतात आणि डोकं शस्त्रक्रियेच्या आधीपेक्षा वाईट दिसतं. या काळासाठी घरच्यांनाही आधीच सांगून ठेवा, कारण ‘पैसे पाण्यात गेले’ हे वाक्य याच दिवसांत ऐकू येतं. टाळूचा बधिरपणा काही आठवडे ते महिने राहतो. दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात बारीक पुटकुळ्या येतात, नवा केस बाहेर येण्याची वाट शोधत असतो. ओल्या गरम कापडाचा शेक पुरतो, पसरल्या तर औषध लागतं. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात बारीक, कधी कुरळे केस दिसू लागतात, सहाव्या महिन्यात साधारण निम्मा परिणाम दिसतो, बाराव्यापर्यंत बहुतेक सगळा. भोवऱ्याला दीड वर्षही लागतं. दर महिन्याच्या एकाच तारखेला, त्याच दिव्याखाली, केस कोरडे असताना चार बाजूंनी फोटो काढा. दुसऱ्या बैठकीचा विषय बाराव्या महिन्याचे फोटो पहिल्यांच्या शेजारी ठेवून, मागच्या पट्टीत किती शिल्लक आहे ते पुन्हा मोजूनच काढा.