फायरवॉल राउटरमध्ये दुसरी डिस्क: पीएफसेन्सवर झेडएफएस मिरर कसा उभारावा

पीएफसेन्स या फायरवॉल-सॉफ्टवेअरवर चालणारा राउटर वर्षानुवर्षे अहोरात्र सुरू असतो आणि त्या काळात त्याच्या एकुलत्या एका एसएसडीवर लॉग, वाहतुकीच्या आलेखांची माहिती आणि सुरिकाटासारख्या (घुसखोरी ओळखणाऱ्या) पॅकेजच्या नोंदी सतत लिहिल्या जात असतात. ती डिस्क निकामी झाली की सर्वांचे इंटरनेट एकाच वेळी बंद पडते आणि नवा इन्स्टॉलर उतरवून घ्यायलाही जोडणी उरत नाही. म्हणून यंत्रात दुसऱ्या डिस्कसाठी जागा असेल, तर तिचा उपयोग मिररसाठी, म्हणजे तोच डेटा दोन्ही डिस्कवर ठेवण्यासाठी, करावा, असे माझे ठाम मत आहे.

दुसरी डिस्क पहिलीएवढी किंवा तिच्यापेक्षा मोठी असावी. शक्य असल्यास ती वेगळ्या कंपनीची घ्यावी, कारण एकाच वेळी घेतलेल्या दोन सारख्या एसएसडींवर सारखेच लेखन होते आणि त्या जवळपास एकाच सुमारास झिजण्याची शक्यता असते.

यंत्र नव्याने बसवत असाल तर काम सोपे आहे. इन्स्टॉलरमध्ये झेडएफएस ही फाइल-प्रणाली निवडावी, पूलचा (डिस्क एकत्र जोडून केलेल्या साठ्याचा) प्रकार ‘स्ट्राइप’ऐवजी ‘मिरर’ करावा आणि स्पेसबार दाबून दोन्ही डिस्कवर खूण करावी. त्यानंतर जुनी कॉन्फिगरेशनची एक्सएमएल फाइल पुन्हा भरली की काम झाले.

चालू यंत्रात दुसरी डिस्क जोडणे मात्र अधिक जपून करावे लागते. आधी ‘बॅकअप अँड रिस्टोअर’ पानावरून कॉन्फिगरेशन दुसऱ्या संगणकावर उतरवून ठेवावे. मग ‘झेडपूल स्टेटस’ आणि ‘जीपार्ट शो’ या आज्ञांनी पूलचे नाव, चालू डिस्कचे नाव आणि तिच्यावरील पार्टिशनचे (स्वतंत्र विभागांचे) क्रमांक कागदावर लिहून घ्यावेत. साटा डिस्कची नावे बहुधा ‘एडीए शून्य’, ‘एडीए एक’ अशी असतात, पण नवी डिस्क बसवल्यावर क्रमांक बदलू शकतात. म्हणून प्रत्येक डिस्क तिच्या अनुक्रमांकावरून ओळखावी. ‘जीपार्ट बॅकअप’ने जुन्या डिस्कचा पार्टिशन-तक्ता घेऊन तो ‘जीपार्ट रिस्टोअर’ने नव्या डिस्कवर उतरवावा. त्यानंतर झेडएफएसचे नवे पार्टिशन ‘झेडपूल अटॅच’ या आज्ञेने जुन्या पार्टिशनला जोडावे. येथे ‘अटॅच’ऐवजी ‘अॅड’ हा शब्द वापरला, तर मिरर न होता डेटा दोन्ही डिस्कवर विभागला जातो आणि मग कोणतीही एक डिस्क गेली तरी संपूर्ण पूल जातो, म्हणजे धोका कमी होण्याऐवजी वाढतो. आज्ञा पूर्ण करण्यापूर्वी हा एक शब्द पुन्हा वाचावा.

बहुतेक जण ज्या ठिकाणी चुकतात ते ठिकाण यापुढे येते. मिररमध्ये फक्त झेडएफएसचे पार्टिशन असते. यंत्र सुरू करणारा बूटलोडर त्याच्या बाहेर असतो आणि तो आपोआप नव्या डिस्कवर जात नाही. यंत्र यूईएफआय पद्धतीने बूट होत असेल, तर जुन्या डिस्कवरील ईएफआय पार्टिशन ‘डीडी’ या नक्कल करणाऱ्या आज्ञेने नव्या डिस्कवर उतरवावे आणि त्यात स्रोत कोणता व लक्ष्य कोणते हे दोनदा तपासावे, कारण दिशा उलटली तर चालू डिस्कचाच बूटलोडर पुसला जाईल. जुन्या बायोस पद्धतीसाठी ‘जीपार्ट बूटकोड’ वापरावे.

‘झेडपूल स्टेटस’मध्ये रिसिल्व्हर (जुन्या डिस्कवरील डेटा नव्या डिस्कवर उतरवणे) पूर्ण झाल्याचे दिसल्यावर खरी परीक्षा घ्यावी. रीतसर शटडाउन करून जुनी डिस्क काढावी आणि केवळ नव्या डिस्कवर यंत्र सुरू करून पाहावे. पूल ‘डिग्रेडेड’ (एक डिस्क कमी असलेला) दिसेल, पण इंटरनेट सुरू झाले पाहिजे. पुन्हा शटडाउन करून जुनी डिस्क बसवावी आणि दोन्ही डिस्क एकत्र ठेवूनच यंत्र चालवावे; मधल्या काळात जुनी डिस्क एकटी चालवू नये, अन्यथा दोन्हींवरील नोंदी वेगवेगळ्या दिशांना जातात.

त्यानंतर महिन्यातून एकदा ‘झेडपूल स्क्रब’ (सर्व डेटा वाचून तपासणारी आज्ञा) चालवावा आणि स्मार्टच्या (डिस्कच्या स्वतःच्या आरोग्य-नोंदींच्या) पानावर दोन्ही डिस्कची झीज पाहावी. एक डिस्क निकामी झाली तरी राउटर काहीच न जाणवता चालत राहतो, त्यामुळे स्वतःहून पाहिले नाही तर बिघाड कळणारच नाही. कॉन्फिगरेशनचा बॅकअपही पूर्वीप्रमाणेच चालू ठेवावा, कारण चुकीचा नियम जतन केला की तो त्याच क्षणी दोन्ही डिस्कवर लिहिला जातो.